कराचीतले म्हातारपण

नोकरी संपल्यावर राहायचे कुठे, हा प्रश्न आपल्या घरांत फारसा कोणी उघडपणे विचारीत नाही. मुलगा जिथे, तिथे आईबाप, असा आपला साधा हिशेब. कल्याण-कसारा मार्गावरच्या खडवली परिसरात मातोश्री वृद्धाश्रम आहे. 1995 साली आलेल्या युती सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत असे आश्रम काढण्याची योजना आणली, त्यातलाच हा एक. ज्यांचा हिशेब जुळला नाही, त्यांच्यासाठी अशी सोय झाली. पण ठाणे, कल्याण, भिवंडीपासून खाली रत्नागिरीपर्यंत कोकणी मुसलमानांच्या अनेक घरांत हा हिशेब निराळ्याच कारणाने बिघडला. मुलाने काही केले नव्हते, सुनेनेही नाही. मुलगा ज्या शहरात होता, ते शहरच दुसऱ्या देशात गेले.

ते शहर म्हणजे कराची. आज हे नाव उच्चारताना आपण इकडेतिकडे पाहतो. पण सिंध 1847 पासून 1 एप्रिल 1936 पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीचा कारभार मुंबईहून चाले. तिथली जुनी, नामांकित शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. गोदीत, बोटींवर, कचेऱ्यांत काम शोधायला निघालेल्या कोकणी माणसाला मुंबई आणि कराची ही एकाच किनाऱ्यावरची दोन बंदरे होती. बोटीने जावे, चार वर्षे कमवावे, गावी येऊन घर बांधावे. कराचीत राहिलेल्यांनी पुढे कोकणच्या नावाची गृहनिर्माण सोसायटीही काढली. परदेशात गेल्याची भावना त्यात सुरुवातीला नसावी.

1947 नंतरही ती लगेच आली नाही. ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते ती खुद्द बॅरिस्टर जिनांच्या बाबतीत. मलबार हिलवर 1936 च्या सुमारास क्लॉड बॅटली या वास्तुशिल्पकाराकडून त्यांनी मोठ्या हौसेने बंगला बांधून घेतला होता. फाळणीनंतर तो सरकारजमा होण्याची वेळ आली, तेव्हा पाकिस्तानातले भारताचे पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांच्याकडे जिनांनी आर्जव केले, की घर घेऊ नका, मला पुन्हा मुंबईला येऊन राहायचे आहे. श्रीप्रकाशांनीच हे आपल्या आठवणींत नोंदवले आहे. ज्याने नवा देश मागून घेतला, त्याला उतारवय शेजारच्या देशात, मुंबईत घालवायचे होते! 11 सप्टेंबर 1948 ला जिना वारले. त्यांना सरहद्द एवढी पक्की वाटली नसेल, तर खाडीकाठच्या गावातल्या विधवा आईला ती कळावी तरी कशी?

अशी एक आई डोळ्यांसमोर आणा. दोन मुले कराचीत, एक इथे. थोडे भाताचे शेत, अर्धे घर. जुलै 1948 मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट लागू झाले, ऑक्टोबर 1952 मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा. मोठ्या मुलाकडे राहायला गेलेल्या आईने तिथे राहता यावे म्हणून पाकिस्तानी पासपोर्ट घेतला, की 1955 च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे ती भारतीय उरली नाही. तिच्या लेखी तिने फक्त एका मुलाचे घर सोडून दुसऱ्याचे घर धरले होते.

मग 1965 चे युद्ध आले. 10 सप्टेंबरच्या अधिसूचनेने पाकिस्तानी नागरिकांची इथली मालमत्ता शत्रू मालमत्ता म्हणून कस्टोडियनकडे गेली. 1968 मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला. मराठीत वतन म्हणजे वंशपरंपरेची जमीन, उर्दूत वतन म्हणजे मायदेश. इथे दोन्ही अर्थांचे वतन एकदमच गेले. सातबाऱ्यावर म्हातारीचे नाव असेल, तर इथे राहणारा, इथे मत देणारा, इथे कर भरणारा तिसरा मुलगाही त्या हिश्श्याला मुकला. आईच्या म्हातारपणाचा खर्च मोठ्याने केला आणि किंमत धाकट्याने मोजली.

महमूदाबादच्या राजांचा खटला गाजला, कारण मालमत्ता मोठी होती. वडील 1957 मध्ये पाकिस्तानी झाले, मुलगा भारतीयच राहिला. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाच्या बाजूने निकाल दिला. पण 2017 च्या दुरुस्तीने वारस भारतीय असला तरी हक्क नाही, असे ठरवून तो निकाल निष्प्रभ केला. राजाच्या हवेलीची ही गत, तर दोन गुंठ्यांच्या परड्याचे विचारूच नका.

परत येऊन गावी डोळे मिटावेत, तर तीही वाट बिकट. लंडनला जाऊन ब्रिटिश झालेला आपला भाऊबंद 2005 च्या ओसीआय योजनेमुळे गावच्या घरात हवा तितका काळ राहू शकतो. कराचीच्या भावाला ती योजना मुळातच लागू नाही. भारताची कराचीतली वकिलात 1994 मध्ये बंद झाली, तेव्हापासून व्हिसासाठी पार इस्लामाबाद गाठावे लागे. मुनाबाव-खोकरापार रेल्वे 1965 मध्ये बंद पडली, फेब्रुवारी 2006 मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट 2019 मध्ये पुन्हा थांबली. व्हिसा मिळालाच तर तो ठरावीक शहरांपुरता. आत्याला भेटायला पनवेलला जायचे, तर पनवेल त्यावर लिहिलेले हवे.

एकदाच कोणाला म्हाताऱ्यांची आठवण झाली होती. सप्टेंबर 2012 च्या करारात 65 वर्षांवरच्या नागरिकांना अटारी-वाघा चौकीवरच 45 दिवसांचा व्हिसा द्यायचे ठरले. 15 जानेवारी 2013 पासून तो सुरू व्हायचा होता. त्या महिन्यात काश्मीरच्या ताबारेषेवर जवान मारले गेले आणि सुरू व्हायच्या दिवशीच सवलत रोखली गेली. पुढे एप्रिल 2025 मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, अटारीची चौकीच बंद करण्यात आली.