धावकाचा गुडघा: कर्म की कर्ता?

१८९५ साली अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी कण्यावरील हस्तोपचारास आरंभ केला. त्यास मिळालेले ‘कायरोप्रॅक्टिक’ हे नाव ग्रीक भाषेतील ‘हात’ व ‘क्रिया’ या अर्थांच्या शब्दांपासून सिद्ध झाले. आदल्याच वर्षी लंडन येथे चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकारिणींची संस्था स्थापिली होती. १९४४ साली ‘फिजिओथेरपी’ हा शब्द तिच्या नावात आला. हा केवळ नामबदल नव्हे. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर मर्दनात रुग्ण कर्म असतो, व्यायामात तोच कर्ता होतो. धावणाऱ्यांच्या गुडघेदुखीत हा भेद महत्त्वाचा ठरतो. हस्तोपचाराने काही काळ आराम पडेल. परंतु मांडी व नितंब यांच्या स्नायूंचा व्यायाम आणि बेताबेताने वाढविलेले अंतर यांवरच आज मुख्य भर आहे. कायरोप्रॅक्टिकचे अनेक चिकित्सकही आता व्यायाम सांगतात. नावात मात्र हातच राहिला आहे.