लघवी होतानाचं चित्र

भरलेल्या मूत्राशयाचा फोटो काढणं सोपं. ते रिकामं होतं कसं, हे बघायला अर्धं शतक गेलं. सरकारी रुग्णालयात एक्स-रे तंत्रज्ञ म्हणून मी आयुष्य काढलं, त्यात सगळ्यांत जीव लावून केलेली तपासणी हीच, एमसीयू, म्हणजे मूत्राशयात डाय (क्ष-किरणांत दिसणारं द्रावण) भरून लघवी होताना काढलेला एक्स-रे.

राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले, तेव्हा हाडं दिसली, मूत्राशय दिसेना. जर्मनीत फेल्कर आणि फॉन लिश्टेनबर्ग यांनी १९०६ च्या सुमारास त्यात नळीने चांदीचं द्रावण भरलं. सावली उमटली, पण ते द्रावण पुढे मूत्रपिंडांना घातक ठरलं. अमेरिकेत कॅमेरॉन यांनी १९१८ मध्ये सोडियम आयोडाइड सुचवलं. आमचा आजचा डायही आयोडीनचाच.

तरी प्लेटवर एकच क्षण यायचा. मूत्राशयाचं तोंड नीट उघडतं का, लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते का, हे ती होत असतानाच कळतं. हिनमन आणि सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये त्याचं चलच्चित्रण मांडलं. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातल्या बेट्स, व्हाइटसाइड आणि टर्नर-वॉरविक यांनी १९७० मध्ये चित्र, मूत्राशयातला दाब आणि लघवीची धार एकत्र नोंदवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. धार बारीक का? वाटेत अडथळा आहे की स्नायूच दुबळा, हे दाबाशिवाय ठरत नाही.

लहान मुलगा टेबलावर असला, की डाय थेंबथेंब आत जायचा. आई शिशाचा एप्रन घालून उशाशी उभी. पोराने पायाची बोटं आवळली की समजायचं, आता होणार. लगेच त्याला तिरकं वळवायचं, म्हणजे मूत्रमार्ग पूर्ण लांबीने दिसतो. मोठ्या माणसांना मात्र चार लोकांसमोर लघवी होतच नाही. मग आम्ही नळ सोडायचो, नको असलेल्यांना बाहेर काढायचो. लाजेने अडलेली लघवी अहवालात आजार म्हणून जाता कामा नये.

आता सोनोग्राफीत, किरणांशिवाय, लघवी झाल्यावर आत उरलेली लघवी मोजता येते. पण रांगेत तासन्‌तास तुंबवून ठेवलेलं मूत्राशय एका दमात रिकामं होत नाही, आणि आकडा उगाच फुगतो. म्हणून तपासणीच्या खोलीला लागून कडी लागणारं स्वच्छ स्वच्छतागृह हवं, आणि शंका आली तर रुग्णाला पुन्हा एकदा जाऊ द्यावं. एवढं केलं नाही, तर महागड्या यंत्राचा आकडाही खोटा ठरतो.