कार्नेट : वाहनाचे पारपत्र

स्वतःच्या मोटारसायकलवरून वा जीपमधून महिनोन्‌महिने देशोदेशी भटकू पाहणाऱ्यांना स्वतःच्या पारपत्राइतकीच वाहनाच्या कागदपत्रांची काळजी वाहावी लागते. ‘कार्नेट’ हा त्यांतील कळीचा दस्तऐवज. वाहन परदेशात विकले न जाता मुदतीत बाहेर पडेल, अशी हमी मोटार संघटना त्याद्वारे तेथील सीमाशुल्क खात्याला देते; त्यामुळे आयात शुल्क भरावे लागत नाही. भारत, पाकिस्तान, इराण येथे कार्नेट लागते, युरोपात सहसा नाही.

पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. एक प्रवेशाच्या वेळी फाडून घेतात, दुसरा बाहेर पडताना. उरलेल्या स्थळप्रतीवर दोन्ही शिक्के पडतात. हमीपोटी संघटना प्रवाशाकडून अनामत रक्कम किंवा बँक हमी घेते. काही देशांसाठी ती वाहनाच्या किमतीहूनही अधिक असू शकते!

खरी मेख बाहेर पडतानाच्या शिक्क्यात आहे. आडवळणाच्या नाक्यावर तो राहून गेला, तर घरी परतलेले वाहनही कागदोपत्री परदेशातच उरते आणि तेथील शुल्काचा दावा अनामतीवर येतो. बंद पडलेली गाडी रस्त्याकडेला टाकून विमानाने परतण्याची सोयही त्यामुळेच नाही. शिक्का चुकलाच, तर वाहन मायदेशी असल्याचा सीमाशुल्क अधिकाऱ्याचा दाखला मिळवावा लागतो. त्याचा नमुना पुस्तिकेतच छापलेला असतो.