पाचटाखालची ओल : दुष्काळी पट्ट्यातील फळबागांचा धागा

१/ महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याला जेमतेम ५०० मिळतो. सांगलीतील आटपाडी आणि जतही याच पर्जन्यछायेत. अशा भूमीत फळझाड जगवायचे कसे?

२/ साताऱ्याच्या दाभोलकर कुटुंबातील गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर (डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे थोरले बंधू) यांनी या प्रश्नाचा हिशेब मांडला. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’त तासगावचे द्राक्षबागायतदार आपापले प्रयोग परस्परांना सांगून शिकत.

३/ हिशेब असा : उघडी माती ऊन-वाऱ्याला ओल देऊन बसते. आळ्यात पाचट, पालापाचोळा, काटक्यांचा चुरा अंथरला की माती थंड राहते, बाष्पीभवन घटते. पुढे तेच आच्छादन कुजून झाडाचे अन्न होते.

४/ आणि ऊसपट्ट्यात हेच पाचट फडातच पेटवले जाई. एकीकडे पाण्यासाठी टाहो, दुसरीकडे ओल राखणाऱ्या पाचटाची राख!

५/ दहा गुंठे, म्हणजे पाव एकर, नीट राखले तर कुटुंब सुखाने जगेल, असे दाभोलकरांचे प्रतिपादन होते. दुष्काळाचा इतिहास धरणे आणि टँकर यांच्याभोवती फिरतो. झाडाच्या बुंध्याशी अंथरलेल्या पाचोळ्याचीही नोंद त्यात व्हायला हवी.