अंतराळ भयपट

अंतराळ भयपट हा भयपट आणि विज्ञानपट यांच्या संयोगातून निर्माण झालेला चित्रपटप्रकार आहे. यातील कथानक अंतराळयान, अंतराळस्थानक किंवा परग्रह अशा ठिकाणी घडते आणि प्रेक्षकाच्या मनात भय उत्पन्न करणे हा त्याचा प्रधान हेतू असतो. रिडली स्कॉट दिग्दर्शित ‘एलियन’ (१९७९) हा या प्रकारातील सर्वांत प्रभावी चित्रपट मानला जातो. जे प्रत्यक्षात टाळावेसे वाटते, ते पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहण्यात चाहत्यांना आनंद का वाटतो, हा प्रश्न या प्रकाराच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो. भारतीय रसचर्चेत आणि आधुनिक मानसशास्त्रात त्याची निरनिराळी उत्तरे मिळतात.

== स्वरूप ==

सामान्य भयपटातील पात्राला घराबाहेर पळण्याची किंवा शेजाऱ्याला हाक मारण्याची सोय असते. अंतराळात ती नसते. निर्वात पोकळीतून ध्वनी प्रवास करत नाही. यानाच्या भिंतीबाहेर श्वास घेता येत नाही. पृथ्वीवरून निघालेला रेडिओ संदेश मंगळापर्यंत पोहोचण्यास ग्रहांच्या स्थितीनुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, त्यामुळे संकटकाळी तत्काळ सल्लाही मिळू शकत नाही. बंदिस्तपणा, एकाकीपणा आणि मदतीची अशक्यता ही भयाची तिन्ही कारणे येथे विज्ञानानेच पुरवलेली असतात.

दुसरे सूत्र संसर्गाचे आहे. परका जीव यानात किंवा मानवी शरीरात शिरतो आणि सोबत्यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा हे कळेनासे होते. ही भीती केवळ कल्पनेतील नाही. चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ मोहिमेच्या अंतराळवीरांना १९६९ मध्ये खबरदारी म्हणून विलगीकरणात ठेवण्यात आले होते. १९६७ च्या बाह्य अवकाश करारातही अशा हानिकारक प्रदूषणापासून बचाव करण्याची तरतूद आहे.

== इतिहास ==

१९५० च्या दशकात, अंतराळयुगाच्या आरंभी, हा प्रकार आकारास आला. ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ (१९५५) या ब्रिटिश चित्रपटात अंतराळातून परतलेल्या माणसाच्या शरीरात भयंकर बदल घडू लागतो. ‘इट! द टेरर फ्रॉम बियॉन्ड स्पेस’ (१९५८) मध्ये मंगळावरून परतणाऱ्या यानात एक हिंस्र प्राणी लपलेला असतो. मारिओ बाव्हा यांच्या ‘प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स’ (१९६५) या इटालियन चित्रपटाने धुक्याने वेढलेल्या परग्रहाचे गूढ वातावरण उभे केले.

डॅन ओ’बॅनन यांची पटकथा असलेल्या ‘एलियन’मध्ये नॉस्ट्रोमो या मालवाहू यानावरील सात जणांचा चमू एका अज्ञात प्राण्याच्या तावडीत सापडतो. ही पात्रे वीरपुरुष नसून नोकरदार आहेत. बोनसवरून ती कुरकुर करतात. आपल्या जिवापेक्षा तो प्राणी कंपनीला अधिक मोलाचा वाटतो, हे त्यांना पुढे कळते. चित्रपटातील भय त्यामुळे प्राण्यापुरते मर्यादित राहत नाही. स्विस चित्रकार एच. आर. गिगर यांनी प्राण्याचे रूप रेखाटले होते. दिग्दर्शकाने तो बराच काळ पूर्णपणे दाखवला नाही आणि उरलेले काम प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोपवले. सिगोर्नी वीव्हर यांनी साकारलेली रिप्ली ही विज्ञानपटांतील स्त्रीव्यक्तिरेखांसाठी मानदंड ठरली. चित्रपटास दृश्य परिणामांसाठी ऑस्कर पुरस्कार मिळाला.

‘इव्हेंट होरायझन’ (१९९७) प्रदर्शनाच्या वेळी अपयशी ठरला. मात्र पुढे घरगुती माध्यमांतून त्याला निष्ठावान चाहते लाभले. ‘सनशाइन’ (२००७), ‘पँडोरम’ (२००९), ‘युरोपा रिपोर्ट’ (२०१३), ‘लाइफ’ (२०१७) आणि ‘एलियन: रोम्युलस’ (२०२४) हे नंतरचे उल्लेखनीय चित्रपट होत.

== रसास्वादाची मीमांसा ==

=== भारतीय रसविचार ===

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रसांमध्ये भयानक रसाची गणना असून त्याचा स्थायीभाव भय हा आहे. विकृत आवाज, भीषण प्राण्यांचे दर्शन, अरण्य आणि शून्यागार, म्हणजे ओस पडलेले घर, हे त्याचे विभाव सांगितले आहेत. निर्मनुष्य यानाच्या बोळांतून कुठूनसा येणारा खडखडाट हे त्याच शून्यागाराचे नवे रूप म्हणता येईल. प्राण्याच्या ओंगळ रूपातून जुगुप्सा, म्हणजेच बीभत्स रस, आणि विश्वाच्या अफाटपणातून विस्मय, म्हणजेच अद्भुत रस, यांची त्यात भर पडते. अद्भुताची ही जोड अंतराळ भयपटाला इतर भयपटांपासून वेगळे करते.

अभिनवगुप्ताने भयानक रसाच्या विवेचनासाठी ‘शाकुंतला’तील दुष्यंताच्या रथापुढे धावणाऱ्या हरिणाचा दाखला घेतला आहे. हरिणाचे भय प्रेक्षकापर्यंत पोहोचते तेव्हा ते ‘माझे’ किंवा ‘त्याचे’ राहत नाही. स्थळकाळाच्या बंधनातून ते मुक्त होते. या साधारणीकरणामुळे दुःखद भावही आस्वाद्य ठरतो. मराठीत न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. स्वतःची भूमिका न सोडता परक्या भूमिकेत शिरल्याने वाङ्मयानंद मिळतो, असा तिचा आशय आहे. रिप्लीबरोबर यानात अडकलेला प्रेक्षक आपल्या खुर्चीचे भान पूर्ण हरवत नाही. ते हरवले तर उरेल ते निव्वळ भय, आणि समरसता साधलीच नाही तर उरेल तो कंटाळा.

=== मानसशास्त्रीय विचार ===

आधुनिक संशोधनही याच समतोलाकडे निर्देश करते. डेन्मार्कमधील ऑर्हस विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘भुताच्या घरा’त आलेल्या लोकांच्या हृदयगतीची नोंद घेऊन २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भीती अगदी कमी किंवा फार जास्त असताना आनंद घटतो आणि मध्यम पातळीवर तो सर्वाधिक असतो, असे त्यांना आढळले. डॉल्फ झिलमन यांच्या सिद्धांतानुसार भीतीने उत्पन्न झालेली शारीरिक उत्तेजना प्रसंग टळल्यावरही काही काळ टिकते आणि सुटकेचा आनंद वाढवते. नोएल कॅरल यांनी जिज्ञासेवर भर दिला आहे: ज्ञात वर्गवारीत न बसणाऱ्या प्राण्याचा उलगडा होण्याची प्रक्रियाच प्रेक्षकाला गुंतवून ठेवते. करोना साथीच्या काळातील एका अभ्यासात भयपटांच्या चाहत्यांमध्ये मानसिक ताण तुलनेने कमी दिसला. तथापि यातून परस्परसंबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

== चाहते ==

चाहते हे चित्रपट अनेकदा पाहतात. शेवट ठाऊक असला तरी यानाची रचना, ध्वनिसंयोजन, प्राण्याचे जीवनचक्र आणि कथांमधील दुवे यांचा शोध त्यांना आनंद देतो. ‘एलियन’ मालिकेचे चाहते २६ एप्रिल हा ‘एलियन दिन’ म्हणून साजरा करतात. कथेतील एलव्ही-४२६ या उपग्रहाच्या नावावरून २०१६ पासून ही प्रथा सुरू झाली. समूहात पाहताना एकाच क्षणी दचकणे आणि लगेच हसणे हाही या आस्वादाचा भाग असतो.

== भारतीय आणि मराठी संदर्भ ==

भारतात अंतराळपट अल्प प्रमाणात निर्माण झाले. आरती कडव यांच्या ‘कार्गो’ (२०१९) या हिंदी चित्रपटात अंतराळयानावरील राक्षस मृतांना पुनर्जन्मासाठी तयार करतात. मात्र त्याचा सूर भयाचा नसून विषण्ण विनोदाचा आहे. ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) ते ‘लपाछपी’ (२०१७) या परंपरेतील मराठी भयपटांचे भय वाडा, शेत आणि कुटुंब यांच्याशी निगडित आहे. साहित्यात मात्र जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथांनी अंतराळ आणि नारायण धारप यांच्या कथा-कादंबऱ्यांनी भय मराठी वाचकाच्या परिचयाचे केले.

=== लोणार ===

आकाशातून संकट कोसळणे हे अनेक भयपटांचे आरंभसूत्र आहे. ‘द ब्लॉब’ (१९५८) मध्ये उल्केतूनच भीषण जीव बाहेर पडतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे अशी आकाशस्थ वस्तू खरोखर आदळली होती. बेसॉल्ट खडकातील या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. ते आघाताने निर्माण झाल्याचे १९७३ मधील खडकांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. लोककथेत या विवराचे कारण वेगळे आहे: येथे जमिनीखाली दडून लोकांना छळणाऱ्या लवणासुराचा विष्णूने दैत्यसूदन रूपात वध केला. गावातील दैत्यसूदन मंदिर या कथेशी जोडलेले आहे. अज्ञात विवराकडे पाहून ‘यात कोण दडले असेल’ असा प्रश्न पडणे आणि त्याचे उत्तर कथेतून देणे, ही प्रेरणा लोककथा आणि अंतराळ भयपट या दोहोंत समान आहे.

== मर्यादा आणि टीका ==

परक्याला सरसकट शत्रू ठरवणे, वैज्ञानिक अचूकतेकडे दुर्लक्ष करणे आणि रक्तपाताचा अतिरेक हे या प्रकारावरील प्रमुख आक्षेप आहेत. भीती सोसण्याची मर्यादा व्यक्तिगणिक बदलत असल्याने वयोगटानुसार प्रमाणपत्राचे महत्त्व अधिक आहे. २०२४ च्या नियमांनुसार भारतात यूए वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे उपविभाग करण्यात आले असून केवळ प्रौढांसाठीच्या चित्रपटांना ए प्रमाणपत्र दिले जाते.

== हे सुद्धा पहा ==

* भयानक रस
* विज्ञानकथा
* लोणार सरोवर
* नारायण धारप