अपूर्ण निर्वाचकगण : डॉ. ना. भा. खरे यांची याचिका आणि राष्ट्रपतींच्या निवडणुकीतील एक प्रश्न

ठाणे-बेलापूर मार्गावरील दिघा ही वस्ती आज ऐरोली विधानसभा मतदारसंघात आणि ठाणे लोकसभा मतदारसंघात मोडते. तेथील मतदार राष्ट्रपतींसाठी मत देत नाही. तो देतो ते आमदारासाठी आणि खासदारासाठी. पुढे हे दोघे निर्वाचकगणाचे घटक म्हणून राष्ट्रपती निवडतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मतदाराची स्थिती वरकरणी निराळी दिसते. नोव्हेंबरमधील पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी त्याच्यापुढे जी मतपत्रिका येते तिच्यावर अध्यक्षपदाच्या उमेदवारांचीच नावे असतात. परंतु कायद्याच्या दृष्टीने तोही निवडतो ते आपल्या राज्याचे निर्वाचक. एकूण ५३८ निर्वाचक डिसेंबरमध्ये आपापल्या राज्यांत जमून मत देतात व २७० मते मिळविणारा अध्यक्ष होतो. म्हणजे दोन्ही देशांत जनता व राष्ट्रप्रमुख यांच्यामध्ये एक गण उभा आहे. हा गण अपुरा राहिला, त्यातील काही जागा रिकाम्या असल्या, तर झालेली निवड वैध मानावयाची काय? या प्रश्नाचा भारतातील पहिला झगडा एका मराठी राजकारणी पुरुषाने मांडला, ही गोष्ट घटनाशास्त्राच्या अभ्यासकांतही फारशी स्मरणात राहिलेली नाही.

डॉ. नारायण भास्कर खरे हे नागपूरचे वैद्यकीय व्यावसायिक. १९३७ मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान झाले व १९३८ मध्ये पक्षश्रेष्ठींशी झालेल्या कलहात त्यांना ते पद सोडावे लागले. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्यत्व, अलवर संस्थानचे पंतप्रधानपद आणि हिंदुमहासभेचे अध्यक्षपद अशी वळणे त्यांच्या आयुष्याने घेतली. काँग्रेसशी त्यांचे वैर उघड होते. त्यामुळे १९५७ सालची त्यांची याचिका ही केवळ राजकीय कुरापत आहे असे पुष्कळांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु याचिकेमागील हेतू आणि तिच्यातील प्रश्न यांची गल्लत करणे अभ्यासकाला परवडत नाही.

राज्यघटनेच्या ५४ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतींची निवड संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निर्वाचित सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य मिळून करतात. ६२ वा अनुच्छेद सांगतो की, मुदत संपल्यामुळे रिकाम्या होणाऱ्या पदाची निवडणूक ती मुदत संपण्यापूर्वी पुरी झाली पाहिजे. डॉ. राजेंद्रप्रसादांची मुदत मे १९५७ मध्ये संपत होती. दुसरी सार्वत्रिक निवडणूक बहुतेक देशात आटोपली होती. पण हिमाचल प्रदेश व पंजाब यांच्या डोंगराळ भागांतील काही मतदारसंघांत मतदान व्हावयाचे राहिले होते. डॉ. खरे यांचे म्हणणे थोडक्यात असे : घटनेने सांगितलेला गण म्हणजे सर्व निर्वाचित सदस्यांचा गण. काही जागांची निवडणूकच झालेली नसताना जो जमतो तो घटनेतील गण नव्हे. म्हणून त्या निवडणुका पुऱ्या होईपर्यंत राष्ट्रपतींची निवडणूक पुढे ढकलावी.

सर्वोच्च न्यायालयाने ही याचिका अकाली ठरवून फेटाळली. ७१ व्या अनुच्छेदाने राष्ट्रपतींच्या निवडणुकीसंबंधीचे संशय व वाद न्यायालयाकडे सोपविले आहेत हे खरे. तथापि ‘निवडणूक’ याचा अर्थ तिची संपूर्ण प्रक्रिया, आणि ती पुरी झाल्यावाचून वादाची चौकशी करता येत नाही, असा निर्णय झाला. ६ मे १९५७ रोजी मतदान झाले. राजेंद्रप्रसादांना ४,५९,६९८ मते पडली, तर चौधरी हरी राम यांना २,६७२ आणि नगेंद्र नारायण दास यांना २,०००. राहिलेल्या जागांच्या मतांनी या निकालात तिळमात्र फरक पडला नसता. निवडणूक झाल्यावर डॉ. खरे पुन्हा न्यायालयापुढे गेले. आता काळ योग्य होता, पण अर्जदार अयोग्य ठरला. कायद्याप्रमाणे असा अर्ज उमेदवाराला किंवा ठरावीक संख्येने एकत्र आलेल्या निर्वाचकांनाच करता येतो. केवळ नागरिक या नात्याने तो करता येत नाही.

एकदा वेळेच्या आधी आल्याबद्दल व एकदा दुसऱ्याच्या दारातून आल्याबद्दल परत पाठविलेल्या माणसाच्या मूळ प्रश्नाला उत्तर मिळालेच नाही. न्यायालयाच्या दोन्ही निर्णयांत कायद्याच्या दृष्टीने दोष काढणे कठीण आहे. पण प्रश्न तसाच लोंबकळत राहिला, आणि तो अशा पदाबाबत की ज्याच्या वैधतेवर शासनाच्या साऱ्या आज्ञांची वैधता टेकलेली. संसदेलाही ते जाणवले असावे. १९६१ च्या अकराव्या घटनादुरुस्तीने ७१ व्या अनुच्छेदात एक नवा खंड घातला गेला : निर्वाचकगणाच्या सदस्यांत कोणत्याही कारणाने जागा रिकामी असली, तरी त्या कारणास्तव राष्ट्रपतींच्या किंवा उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीस हरकत घेता येणार नाही. ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द फार मोठे आहेत. बर्फ पडल्याने राहिलेली जागा आणि कोणी मुद्दाम रिकामी ठेवलेली जागा यांत ते भेद करीत नाहीत.

येथे अमेरिकेच्या घटनेकडे वळणे उपयुक्त ठरेल. तिच्या कर्त्यांनी या अडचणीची तरतूद मूळ संहितेतच एका शब्दाने करून ठेविली. विजयास लागणारे बहुमत हे ‘नियुक्त झालेल्या’ निर्वाचकांच्या संख्येचे असावे, असे तिचे वचन आहे. जे नियुक्तच झाले नाहीत ते मोजणीत नाहीत. ही तरतूद पहिल्याच निवडणुकीत कसोटीस लागली. १७८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाची दोन सभागृहे निर्वाचक कसे नेमावेत यावर एकमत करू शकली नाहीत आणि त्या राज्याचा एकही निर्वाचक गणात आला नाही. नॉर्थ कॅरोलिना व ऱ्होड आयलंड यांनी तर घटनेस तोवर मान्यताच दिली नव्हती. तरी मत देणाऱ्या सर्व ६९ निर्वाचकांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांना निवडले आणि त्या निवडीच्या वैधतेविषयी खटका उडाला नाही. १८६४ मध्ये यादवी युद्ध चालू असताना फुटून निघालेली अकरा राज्ये गणाबाहेर राहिली. त्यांपैकी लुइझियाना व टेनेसी येथे लिंकन-पक्षीयांनी निर्वाचक निवडले होते. काँग्रेसने तीही मते मोजण्यास नकार दिला. लिंकन २१२ विरुद्ध २१ मतांनी विजयी झाले. कोणाचे निर्वाचक ‘नियुक्त’ मानावयाचे, हा निर्णय अखेर मोजणाऱ्याच्या हाती जातो, असा या प्रसंगाचा अर्थ निघतो. १८७६ च्या हेस-टिल्डन झगड्यात तो फार विदारकपणे दिसला. तेथे वादग्रस्त मते एका खास आयोगाकडे गेली आणि १८५ विरुद्ध १८४ अशा एका मताने अध्यक्ष ठरला.

भारतात बहुमत मोजले जाते ते पडलेल्या वैध मतांचे, आणि तेही मतांच्या मूल्याने. अमेरिकेत प्रत्येक निर्वाचकाचे मत एकच; राज्याचा लहानमोठेपणा निर्वाचकांच्या संख्येत उतरतो. आपल्याकडे तो मताच्या मूल्यात उतरतो. राज्याच्या लोकसंख्येस विधानसभेच्या निर्वाचित जागांनी भागावयाचे आणि येणाऱ्या संख्येस पुन्हा एक हजाराने. महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ आणि जागा २८८; म्हणून येथील आमदाराच्या मताचे मूल्य १७५. सर्व राज्यांच्या मूल्यांची बेरीज संसदेच्या निर्वाचित सदस्यांत समान वाटली की खासदाराच्या मताचे मूल्य निघते. त्यायोगे राज्ये व संसद यांचे पारडे समान राहते. प्रौढ मतदानाने थेट निवडणूक घ्यावी ही प्रा. के. टी. शहा यांची सूचना घटना परिषदेने नाकारली, त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी मतदारांची प्रचंड संख्या व राष्ट्रपतींचे नाममात्र अधिकार ही कारणे पुढे केली होती. ज्याच्या हाती कारभार नाही त्याच्यासाठी साऱ्या देशाला मतदानास जुंपावयाचे कशासाठी, हा त्यांचा युक्तिवाद आजही लंगडा वाटत नाही.

लोकसंख्या कोणत्या सालची धरावयाची, हा मात्र वेगळा विषय आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७१ ची जनगणना कायम केली आणि चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ही स्थिती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबविली. सिडकोची स्थापना १९७० ची. म्हणजे ही शिरगणती झाली तेव्हा नवी मुंबई कागदावर होती आणि दिघा एक गाव होते. आज कारखान्यांच्या व डोंगराच्या कुशीत वसलेल्या त्या दाट वस्तीतील बहुतेक माणसे राष्ट्रपतींच्या मतमूल्यात कोठेच धरलेली नाहीत. २०११ ची लोकसंख्या घेतली तर महाराष्ट्राच्या आमदाराचे मूल्य ३९० होईल व केरळच्या आमदाराचे १५२ वरून २३९. आज या दोन मूल्यांत तेवीसचे अंतर आहे, ते दीडशेहून अधिक होईल. कुटुंबनियोजन यशस्वी करणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये, हा या गोठवणुकीचा हेतू रास्त आहे. पण ठाणे जिल्ह्याची वाढ ही मुख्यतः स्थलांतराची वाढ आहे, जन्मांची नव्हे; तिला हा न्याय लावणे ओढूनताणून वाटते. अमेरिकेत दर दहा वर्षांनी निर्वाचकांची नवी वाटणी होते. तरीही किमान तीन निर्वाचकांच्या नियमामुळे २०२० च्या गणनेनुसार वायोमिंगमध्ये सुमारे १ लाख ९२ हजार लोकांमागे एक निर्वाचक येतो, तर कॅलिफोर्नियात सुमारे ७ लाख ३२ हजारांमागे.

डॉ. खरे यांचा प्रश्न १९७४ मध्ये अधिक उग्र रूपात परतला. त्या वर्षी मार्चमध्ये गुजरातची विधानसभा विसर्जित झाली आणि एका संपूर्ण राज्याचे आमदार गणात उरले नाहीत. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. न्यायालयाने सांगितले की, मुदतीपूर्वी निवडणूक घेण्याची घटनेची आज्ञा मोडता येत नाही. विसर्जित विधानसभेचे सदस्य नसले तरी निवडणूक होऊ शकते. मात्र पुष्कळशा विधानसभा एकदम विसर्जित झाल्या तर काय, याविषयी न्यायालयाने मत देण्याचे टाळले. त्या आडपडद्यामागे नेमका तोच धोका आहे, ज्याची कल्पना १९५७ च्या याचिकेत बीजरूपाने होती. केंद्रातील बहुमत जर राज्यांच्या विधानसभा विसर्जित करवू शकत असेल, तर ते गणाची घडणही बदलू शकेल.

२०२२ च्या निवडणुकीत अपूर्णतेचे दोन प्रकार शेजारीशेजारी दिसले. रमेश लटके यांच्या निधनाने अंधेरी पूर्वची जागा रिकामी होती. महाराष्ट्राचे १७५ मूल्याचे एक मत पडलेच नाही, पण कोणाच्याही मताचे मूल्य त्यामुळे बदलले नाही. जम्मू-काश्मीरची गोष्ट निराळी. तेथे विधानसभाच अस्तित्वात नव्हती. पूर्वीच्या ८७ जागांची प्रत्येकी ७२ प्रमाणे ६,२६४ मूल्याची मते बेरजेतून गळाली. राज्यांची एकूण बेरीज ५,४९,४९५ वरून ५,४३,२३१ वर आली आणि ७७६ खासदारांत ती वाटताना प्रत्येकाच्या मताचे मूल्य ७०८ चे ७०० झाले. अशा रीतीने काश्मीरच्या अनुपस्थितीने ठाण्याच्या खासदाराचेही मत आठाने हलके केले. द्रौपदी मुर्मू ६,७६,८०३ मतांनी विजयी झाल्या, यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ मते मिळाली, आणि ७१ व्या अनुच्छेदाच्या त्या खंडामुळे गणाच्या अपूर्णतेचा प्रश्न न्यायालयापर्यंत नेण्यास वाव नव्हता. जम्मू-काश्मीरमध्ये २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ९० जागांसाठी निवडणूक झाली. तेथील आमदार गणात धरले गेल्यास त्यांच्या मताचे मूल्य नव्या जागासंख्येने काढावे लागेल, आणि त्याबरोबर खासदाराचेही.