दोन क्लिक मऊ, एक क्लिक कडक

घरी आलेली मित्रमंडळी आमच्या बेसमेंटमध्ये उतरली की प्रश्न ठरलेला असतो, "काय रे, अजून व्हिडिओ गेम खेळतोस?" टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग, खाली तीन पेडल्स आणि समोर मोठा स्क्रीन बघून तसं वाटणं साहजिकच आहे. पण खरं सांगायचं तर त्या स्टिअरिंगवर माझा जितका वेळ जातो, त्याहून जास्त वेळ 'गॅरेज' नावाच्या एका पानावर जातो. तिथे नुसते आकडे असतात. पुढची स्प्रिंग किती कडक, मागची किती, शॉक ॲब्सॉर्बर दाबला जाताना किती अडवतो आणि उघडताना किती, चाक वरच्या बाजूने आत किती कललेलं आहे, गाडी जमिनीपासून किती उंच आहे. एक आकडा बदलायचा, चार फेऱ्या मारायच्या, टायरचं तापमान बघायचं, परत एक आकडा बदलायचा. आमच्या हिच्या मते हे माझ्या ऑफिसच्या कामापेक्षा काही वेगळं नाही, आणि तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही!

तर हे आकडे आले कुठून? शोधायला बसलो आणि जवळजवळ शंभर वर्षांची गोष्ट हाती लागली. गंमत म्हणजे तिच्यातली बरीच पात्रं आपल्या या न्यू इंग्लंडमधूनच गेलेली आहेत.

आपल्या इथून मास पाइकने पश्चिमेला निघालं की दीड तासात स्प्रिंगफील्ड येतं. तिथे 1920 च्या दशकात रोल्स-रॉइसचा अमेरिकन कारखाना होता आणि मॉरिस ऑली नावाचा ब्रिटिश इंजिनिअर तिथे काम करत होता. 1930 साली तो डेट्रॉइटला, जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात गेला. त्या काळच्या गाड्यांमध्ये बसणं कसं असेल याची कल्पना आपल्याला द्यायला फार शब्द लागत नाहीत. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून ज्याने प्रवास केलाय त्याला ते ठाऊक आहे. खड्डा आला की पुढचा भाग वर, मग मागचा वर, मग परत पुढचा, आणि मागे बसलेल्याचं डोकं टपाला!

ऑलीने एक लांबलचक लिमोझिन घेतली आणि तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकांना सरकवता येतील अशी वजनं लावली. वजनं हलवायची, स्प्रिंग बदलायच्या आणि रस्त्यावर फिरून यायचं. कसं वाटलं हे मोजायला धड यंत्र नव्हतं, त्यामुळे आत बसलेली माणसं हेच यंत्र. त्या काळी पुढच्या स्प्रिंग मागच्यापेक्षा कडक ठेवायची पद्धत होती. ऑलीच्या लक्षात आलं की नेमकं उलटं हवं. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो आणि क्षणभराने मागच्या. मागची बाजू थोडी भरभर झुलली तर ती उशिरा निघूनही पुढच्या बाजूला गाठते, मग दोन्ही टोकं एकदम वरखाली होतात आणि गाडी डुलायची थांबते. पण पुढे मऊ स्प्रिंग आणि दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध दांडा अशी जोडी जमेना, पुढची चाकं थरथरायला लागत. म्हणून पुढच्या चाकांना एकमेकांपासून मोकळं करावं लागलं. 1934 च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सच्या गाड्यांना हे स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं.

माझ्या मते पहिला ड्रायव्हिंग सिम्युलेटर म्हणजे ऑलीची ती लिमोझिनच. स्क्रीन नव्हता एवढंच. बाकी पद्धत तीच: एका वेळी एकच आकडा बदला आणि गाडी काय सांगते ते ऐका.

आज प्रत्येक रेसिंगवेड्याच्या तोंडी असलेले अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअर हे शब्दसुद्धा ऑलीचेच मानले जातात. स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जायला बघते ते अंडरस्टिअर, आणि मागची बाजू आपल्याला ओलांडून पुढे यायला बघते ते ओव्हरस्टिअर. यामागचं टायरचं वागणं एकदा कळलं की गॅरेजच्या पानावरचे निम्मे आकडे आपोआप समजतात, म्हणून जरा धीर धरा.

वळताना गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. एकूण किती जाणार हे गाडीचं वजन, तिची उंची, रुंदी आणि वळणातला वेग ठरवतात. स्प्रिंगचं त्यात फारसं चालत नाही. पण तो भार पुढच्या जोडीने किती उचलायचा आणि मागच्या जोडीने किती, हे मात्र स्प्रिंग आणि अँटी-रोल बार ठरवतात. आता टायरची खोड अशी की भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही. समजा दोन चाकांवर 300-300 किलो भार आहे आणि दोघांची मिळून पकड 600 किलो आहे. वळणात एकावर 500 आणि दुसऱ्यावर 100 झाले, तर पकड होईल कदाचित 450 आणि 110, म्हणजे 560. भार तेवढाच, पण पकडीतले 40 किलो हवेत गेले! म्हणजे ज्या टोकाला तुम्ही जास्त कडक कराल, तिथे भाराची ही अदलाबदल जास्त होईल आणि ते टोक आधी घसरेल. पुढची बाजू कडक, तर गाडी वळत नाही. मागची कडक, तर शेपूट बाहेर येतं. रेसच्या गाडीचा सेटअप म्हणजे हे नुकसान दोन टोकांत कसं वाटायचं याची वाटाघाट.

हे सगळं गणितात बसवलं ते विमानवाल्यांनी. बिल मिलिकन हा एमआयटीचा पदवीधर, बोइंगमध्ये विमानांच्या चाचण्या करून आलेला. पुढे बफेलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत त्याने आणि लेनर्ड सेगेल वगैरे सहकाऱ्यांनी विमानाच्या स्थैर्याचं गणित मोटारीला लावलं. जनरल मोटर्सने पैसे दिले आणि 1956 साली लंडनमध्ये मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे त्यांचे निबंध वाचले गेले. गाडी स्टिअरिंगला कसं उत्तर देणार हे ती रस्त्यावर आणण्याआधीच कागदावर काढता येऊ लागलं. स्वतः मिलिकन रेसही करायचा. 1948 साली वॉटकिन्स ग्लेनच्या पहिल्याच शर्यतीत त्याने आपली बुगाटी एका वळणावर उलटी केली, आणि त्या वळणाला आजही मिलिकन्स कॉर्नर म्हणतात. आई-बाबा भारतातून आले की आपण सगळे नायगाराला जातोच. त्या वाटेत जरा वळण घेतलं की वॉटकिन्स ग्लेन. 1948 चा तो 6.6 मैलांचा मार्ग साध्या सार्वजनिक रस्त्यांचाच आहे, त्यावरून अजून गाडी चालवता येते. मिलिकन 2012 साली, वयाच्या 101 व्या वर्षी गेला. मुलाबरोबर लिहिलेलं त्याचं 1995 चं जाडजूड पुस्तक रेस इंजिनिअर लोकांची पोथीच आहे.

टायरचं कोडं मात्र बराच काळ अर्धवट राहिलं होतं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या हान्स पाचेका यांनी व्होल्वोच्या इंजिनिअरांबरोबर 1987 मध्ये एक सूत्र मांडलं. चाचणीतून मिळालेले काही आकडे त्यात घातले की टायरच्या पकडीची वक्ररेषा हुबेहूब निघते. अशीच रेषा का, याचं उत्तर ते देत नाही, म्हणून त्याचं नावच पडलं मॅजिक फॉर्म्युला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असली सूत्रं फार आवडतात: का चालतं ते विचारू नका, चालतं ना!

तोवर कॉम्प्युटर घराघरांत पोचले होते. इंग्लंडमध्ये जेफ क्रॅमंड यांनी 1984 साली बीबीसी मायक्रोवर 'रेव्ह्ज' लिहिला. अवघ्या 32 केबी मेमरीत सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक, त्यावर फॉर्म्युला थ्रीची गाडी आणि पुढच्या-मागच्या पंखांचे कोन बदलायची सोय. आजकाल व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा त्याहून जड असतो.

इकडे आपल्याकडे 1987 मध्ये डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी यांनी पपायरस नावाची कंपनी काढली. वॉटरटाउनची ही पपायरस. त्यांचा 1989 चा 'इंडियानापोलिस 500' हा खेळ माझ्या दृष्टीने या गोष्टीचा मध्यबिंदू आहे, कारण मेकॅनिकच्या वहीतलं ज्ञान इथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने शाळकरी पोरांच्या हाती आलं. चाकाचा कल, हवेचा दाब, शॉक ॲब्सॉर्बर, आणि स्टॅगर सुद्धा. स्टॅगर म्हणजे उजवं मागचं चाक डाव्यापेक्षा किंचित मोठं ठेवायचं. निमुळता पेला फरशीवर घरंगळवला की तो आपोआप गोल फिरतो ना, तसंच. इंडियानापोलिसला चारही वळणं डावीकडेच, मग गाडीलाच डावीकडे ओढ लावून ठेवायची.

खरे टीम टायरचं तापमान तीन ठिकाणी घेतात: आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला. मधला भाग जास्त तापला तर हवा जास्त झाली. आतली कड प्रमाणाबाहेर तापली तर चाक जास्तच कललं. पिटमधला हा नाडीपरीक्षेचा प्रकार आता घरी बसून शिकता येऊ लागला. पुढे 1996 मध्ये क्रॅमंड यांच्या 'ग्रांप्री 2' ने स्प्रिंग, डॅम्पर आणि त्यांचे आलेखही आणले.

आणि मग आला 1998 चा 'ग्रांप्री लेजेंड्स', पुन्हा पपायरसचाच. विषय 1967 चा फॉर्म्युला वनचा मोसम. सुमारे 400 अश्वशक्ती, अर्धा टन वजन, आणि पंख नावालाही नाहीत. हवेच्या दाबाने गाडी जमिनीला चिकटवायची सोयच नव्हती. सगळी मदार टायर आणि सस्पेन्शनवर. नवशिक्या माणसाची गाडी पहिल्या वळणापर्यंतसुद्धा सरळ जात नसे. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण खेळ फारसा खपला नाही. ज्यांनी घेतला त्यांनी मात्र वर्षानुवर्षं सोडला नाही. नुर्बुर्गरिंगच्या 22.8 किलोमीटरच्या फेरीसाठी जमवलेले सेटअप लोक एकमेकांना खुशाल देत. खऱ्या शर्यतीत असली वही टीम कुलपात ठेवते. मला या सगळ्या इतिहासात हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. एका छोट्या जमातीचं गुपित वाटून घेण्याची गोष्ट झाली.

2004 मध्ये पपायरस बंद झाली. त्याच वर्षी केमर यांनी जॉन हेन्री यांच्याबरोबर नवी कंपनी सुरू केली. होय, तेच हेन्री, आपल्या रेड सॉक्सचे मालक! आणि 2004 म्हणजे रेड सॉक्सनी 86 वर्षांचा दुष्काळ संपवला तेच वर्ष. या कंपनीचं 'आयरेसिंग' 2008 मध्ये लोकांसमोर आलं. त्यांनी ट्रॅक लेझरने मोजून घेतले, त्यामुळे डांबरातले उंचवटे जागच्या जागी आले. सपाट ट्रॅकवर शॉक ॲब्सॉर्बरला फारसं काम नसतं. उंचवटे आले, तेव्हा त्या एक-दोन क्लिकला अर्थ आला.

आता मुद्द्याचा प्रश्न. ऑलीच्या लिमोझिनमध्ये माणसाचं शरीर हेच मोजमाप होतं. माझी बेसमेंटमधली खुर्ची जागची हलत नाही. गाडी घसरायला लागल्याचं खऱ्या ड्रायव्हरला आधी बुडाला कळतं, मला ते डोळ्यांनी आणि स्टिअरिंगच्या ओढीवरून ओळखावं लागतं. असं शिकलेलं खऱ्या रस्त्यावर चालतं का?

विल्यम बायरन या मुलाने किशोरवयात घरी आयरेसिंगवर गाडी चालवायला सुरुवात केली. खऱ्या रेसगाडीत तो नंतर बसला. त्याने 2024 आणि 2025 अशी लागोपाठ दोन वर्षं डेटोना 500 जिंकली. तो ज्या कप मालिकेत धावतो, तिथल्या गाड्यांना मागे 2021 पर्यंत एकसंध दांडाच होता. 2022 साली नवी गाडी आली आणि मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं, ऑलीने पुढची चाकं मोकळी केली त्यानंतर तब्बल 88 वर्षांनी. टीमच्या जुन्या वह्यांमधले मागच्या सस्पेन्शनचे कित्येक आकडे एका हिवाळ्यात निरुपयोगी झाले, आणि अनुभवी मेकॅनिक व कालची पोरं एकाच स्क्रीनसमोर बसून नवे आकडे शोधू लागली.